उठेल तो डबे घासेल

सासू समोर येऊन उभी राहिली तर सुनेने निदान खुर्चीतून बूड उचलावं, एवढी साधी रीत आमच्या सूनबाईला नव्हती. मी कामाच्या खोलीच्या दारात आले की तिची मान तेवढी वर व्हायची. "या ना आई," म्हणायची आणि पुन्हा कामात डोकं. बाकीची बाई खुर्चीला डिंकाने चिकटवल्यासारखी. दातांचे बडे डॉक्टर आले तरी तेच. माझी सख्खी बहीण आजारातून उठून भेटायला आली तरी तेच. बहीण बिचारी पिशवी सांभाळत उभी, आणि ही बसल्या बसल्या विचारतेय, "मावशी, आता बरं वाटतंय ना?" घरी पोचल्या पोचल्या बहिणीचा फोन आला. "काय गं, तुझ्या सुनेला देवाने पाय दिलेत ना?"

लाजेने माझं तोंड एवढंसं झालं.

आमचा धंदा कवळ्यांचा. डॉक्टर लोक माणसाचे दात काढतात आणि हिरडीचं माप आमच्याकडे पाठवतात, आम्ही नवे दात करून देतो. आमच्या ह्यांनी सुरू केलेलं काम. घर वर, काम खाली. ह्यांचा एक नियम होता. ज्याने कवळी हातात घेतली, त्यानेच ती शेवटपर्यंत न्यायची. मागच्या नळाच्या खोलीत प्लास्टर कालवून साचा ओतायचा, पुढे खिडकीपाशी येऊन मेणावर दात मांडायचे, मग बोळात जाऊन लोखंडी डब्यात बंद करून उकळायची, आणि मधल्या खोलीत घासून चकचकीत करायची. दिवसभर माणसं हातात दात घेऊन या खोलीतून त्या खोलीत. वाटेत एकमेकांना धडकायची, थट्टामस्करी करायची, नळाशी पाणी प्यायची. सगळ्यात शेवटी कवळी माझ्याकडे यायची. शाळेची पायरी मी जेमतेम चढले, पण हसू खरं की खोटं ते मला उजेडात धरलं की कळतं. पसंत नसेल तर कवळी परत. ह्यांनी स्वतः केलेली असली तरी परत.

ह्यांना पुढे पुढे धाप लागायला लागली. कवळी घासताना गुलाबी भुकटी उडते. ती ह्यांच्या मिशीत असायची, रुमालात असायची, उशीवरसुद्धा असायची. त्या खोकल्यानेच ते गेले.

मग मुलगा कामाला बसला आणि त्याच्या मागोमाग सून आली. ती शिकलेली. कामाच्या जागा कशा आखाव्यात, याचंच म्हणे शिक्षण. मला वाटलं, त्यात शिकायचं काय? टेबल ठेवायचं आणि खुर्ची ओढायची. पण ही लग्नानंतर महिन्याभरात फीत घेऊन खाली उतरली आणि भिंतींची मापं घ्यायला लागली. आमचे जुने कारागीर मामा म्हणाले, "वहिनी, सूनबाई माझंसुद्धा माप घेऊन गेल्या. कोपरापासून बोटापर्यंत. शवपेटी करतायत की काय माझी?"

"पेटी नाही हो मामा," ती हसून म्हणाली. "तुमचा हात पोचेल तिथे सगळं ठेवणार आहे मी."

आणि ठेवलंन की! मधली भिंत पाडली. सगळी टेबलं एका रांगेत जोडली. त्यांच्यावरून ट्रे सरकत जायला एक पन्हळ बसवली. मामांच्या टेबलालाच नळ आणला. ज्याचं जे काम तेवढंच त्याने करायचं आणि ट्रे पुढे ढकलायचा. मामा साचा ओतणार, ती दात मांडणार, मुलगा डबे उकळणार. घासायचं काम आमच्या चकाकीचं. तिचं खरं नाव सगळे विसरलेत, पॉलिश करते म्हणून चकाकी. तिच्यासाठी काचेची पेटी केली, आत हात घालायचे आणि घासायचं, भुकटी नळीतून बाहेर. फिरत्या खुर्च्या, प्रत्येकाला दिवा, पाण्याची बाटली, फोन, चहाचं यंत्र, सगळं हाताशी. ह्यांचा नियम गेला. आणि माझ्याकडे कवळी घेऊन कोणी येईना, ट्रे आपोआप माझ्या टेबलाशी येऊन थांबायचा.

मी विरोध केला. का केला, ते विचाराल तर मला माझी जुनी खिडकी हवी होती आणि ह्यांचा नियम हवा होता, बस. पुढे काय वाढून ठेवलंय ते मला ठाऊक नव्हतं. माझ्या हुशारीची कौतुकं कोणी करायला नकोत.

कारण बाकी सगळे खूश. काम दुप्पट व्हायला लागलं. मामांचे गुडघे दुखायचे ते थांबले. चकाकीचा खोकला तर असा गेला, जसा कधी नव्हताच. डॉक्टर लोक मुद्दाम बघायला यायचे आणि माझा मुलगा छाती फुगवून सांगायचा, "उठावंच लागत नाही कोणाला!"

त्यातूनच तो खेळ निघाला. मधला एखादा माणूस उठला की ट्रे तुंबायचे, म्हणून मामा एकदा गमतीने म्हणाले, "जो उठेल तो संध्याकाळी डबे घासेल." उकळलेल्या डब्यांना आतून प्लास्टर बसतं, दगडासारखं. ते खरवडायचं काम सगळ्यांच्या जिवावर यायचं. झालं. सगळ्यांना चेव आला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोणी हलेना, मग जेवणसुद्धा टेबलावरच व्हायला लागलं. चकाकी पाय आवळून बसायची आणि मामा मुद्दाम नळ सोडून धार वाजवायचे. "मामा, बंद करा तो नळ, नाहीतर इथेच पूर येईल!" ती किंचाळायची. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी. मामांना मूळव्याध झाली तेव्हाही ते उठले नाहीत, खाली टायरसारखी उशी घेतली. तीही सूनबाईनेच आणून दिली.

एकेक करून सगळे हरले. मामा हरले, मुलगा हरला, चकाकी तर रोजच हरायची. सूनबाई मात्र कधी हरली नाही. मांडणी तिची, मग ती कशी उठेल? पाण्याची बाटली भरलेली असायची आणि भरलेलीच राहायची. "पाणी पी गं," मी म्हणायचे. "नंतर पिते आई." वर जेवायला बोलावलं तर "इथेच खाते." आणि मी दारात उभी राहिले तरी "या ना आई."

मध्ये काही दिवस ती नवऱ्याच्या चपला घालून फिरत होती. मी विचारलं, "तुझ्या कुठे गेल्या?"

"ह्या सैल आहेत आई, बऱ्या वाटतात."

"सैल लागायला पाय काय पसरलेत तुझे, इकडची काडी तिकडे न करता?"

ती हसली. मलाही वाटलं, बरी टोचली. जिना चढताना ती मध्येच थांबायची, कठडा धरायची. मी म्हटलं, नखरे.

त्या दिवशी सकाळी मी खाली गेले ते भांडायच्याच तयारीने. बहिणीचा फोन डोक्यात बसला होता. ट्रे चालले होते, मामा शीळ घालत होते. मी सूनबाईच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाले, "माझ्याकडे लक्ष असेल तर दोन शब्द बोलायचेत. आणि उभं राहून ऐकशील तर तुझे पाय झिजणार नाहीत."

"आई, जरा थांबा हं," ती म्हणाली. तिचा चेहरा मेणासारखा झाला होता. मला वाटलं, घाबरली. घाबरू दे.

तेवढ्यात तिच्या कोपराचा धक्का लागून ट्रेमधली कवळी खाली पडली आणि टेबलाखाली गेली. ती वाकेना. नुसती खाली बघत राहिली. म्हणजे आता पडलेली वस्तूही सासूने उचलायची! मी रागारागाने टेबलाचा कोपरा धरला आणि वाकले.

टेबलाखाली ती कवळी दात विचकून पडली होती. आणि तिच्या पलीकडे दोन पाय होते. एक आमच्या सूनबाईचा, बारीक, घोट्याचं हाड वर आलेला. दुसरा कोणाचा ते मला कळेना. खरंच सांगते, क्षणभर मला वाटलं, टेबलाखाली आणखी कोणीतरी बसलंय. घोटा नावाला नव्हता. पोटरी फुगून कातडी चकचकत होती, लालसर-जांभळी. वर सरकवलेली सलवार गुडघ्याशी गच्च बसली होती, आणि पाऊल माझ्या मुलाच्या चपलेतसुद्धा मावत नव्हतं, टाच मागे लोंबत होती.

मी हात लावला. भाजल्यासारखा गरम.

"आई, ओरडू नका," वरून तिचा आवाज आला. "कोणाला कळू देऊ नका."

मी टेबलाखालीच गुडघ्यांवर बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"थोडे दिवस. आधी मुंग्या यायच्या. मग दुखायला लागला. बसलं की कमी होतं, उठलं की कळ येते. जाईल आपोआप."

"नवऱ्याला माहीत आहे?"

"नाही. झोपताना पांघरूण घेते ना."

मी टेबल धरून वर आले आणि मुलाला हाक मारली. कशी मारली असेन कोण जाणे, चकाकीने काचेच्या पेटीतून हात बाहेर ओढले आणि सगळे ट्रे थांबले. सूनबाई उठायला गेली. का उठली, मी समोर होते म्हणून की सगळे बघायला लागले म्हणून, देव जाणे. उभी राहिली, एक पाऊल टाकलं, आणि छातीवर हात ठेवून तोंड उघडलं. हवा आत जाईना तिच्या. ओठ निळे पडायला लागले. माझ्याकडेच बघत होती, आणि मी तिला धरायचं सोडून नुसती बघत राहिले. मामांनी धावत येऊन तिला सावरलं. प्लास्टरने माखलेले त्यांचे हात तिच्या पाठीवर उमटले, पांढरे.

दवाखान्यात तिला सरळ आत नेलं. बऱ्याच वेळाने डॉक्टरबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, माझ्या सुनेच्याच वयाच्या. म्हणाल्या, पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती, त्यातला तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन अडकलाय. औषध सुरू केलंय. पुढचे काही तास नाजूक आहेत.

"गाठ? कशाने?" मी विचारलं. "पडली नाही, झडली नाही. चांगली खुर्चीत बसून असते दिवसभर!"

"तेच तर," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मला वाटलं, ही माझी थट्टा करतेय. बसून? बसून माणूस मरतो? आम्ही आयुष्यभर म्हणत आलो, एकदा सुखाने बसायला मिळू दे. ओझी वाहून माणसं मेलेली मी पाहिली, भुकटीने माझा नवरा गेला. पण मऊ खुर्चीने?

"नुसतं बसल्याने सगळ्यांनाच असं होत नाही," त्या समजावत म्हणाल्या. "काहींच्या रक्तातच गाठ धरायची सवय असते, ते आम्ही तपासू. पण पाय हलले नाहीत की रक्त तिथेच साचून राहतं. पोटरी चालताना पिळली जाते, तेव्हा ते वर चढतं. आणि पाणी कमी प्यायलं की आणखी वाईट. किती वेळाने उठतात त्या?"

मुलाने तोंड उघडलं. "उठावंच ला..." आणि तो तिथेच थांबला. हेच वाक्य तो पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचा. त्याने खाली बसून भिंतीला डोकं टेकलं.

"खेळ होता आमचा," तो म्हणाला. "जो उठेल तो डबे घासेल."

डॉक्टरबाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशीही ती आतच होती, नळ्या लावलेली. मला बघू देत नव्हते, म्हणून मी घरी आले. खाली फोन वाजत होता, सारखा. माणसांना दात हवे असतात, त्यांना काय माहीत इथे काय झालंय. मी रिकाम्या खोलीत शिरले आणि फोन घ्यायला तिच्या खुर्चीत बसले. फोन घेतला, बोलले, ठेवला. मग दिवा लावून बघितला. हात लांबवला तर मेण, हात वळवला तर दातांच्या पट्ट्या, छटा एकीखाली एक लावलेल्या. चष्मा पुसायचा कपडासुद्धा टाचणीने समोर अडकवलेला. पाठीला असा टेका, जसा कोणी मागून हात धरलाय. मी बसले. जुन्या कवळ्या बघत बसले, तिचे दात मांडायचे हात किती नेटके आहेत ते बघत बसले. मला फार सुख वाटलं. आणि मग मी उठायला गेले तर माझा डावा पाय जागेवर नव्हता. लाकूड झाला होता. किती वेळ गेला मला कळलंच नव्हतं! अंगावर सर्रकन काटा आला. अहो, काटेरी खुर्ची असती तर माणूस उठला तरी असता. ही तर उठूच देत नव्हती.

दारात मामा उभे होते. मला खुर्चीत बघून त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "वहिनी, उठू नका हं, नाहीतर डबे घासावे ला..."

मग त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात मारला. तो हात तसाच ठेवून रडायला लागले. इतकी वर्षं ओळखते मी त्यांना, ह्यांच्या मर्तिकालाही हा माणूस रडला नव्हता.

"खेळ मी काढला, वहिनी," म्हणाले. "माझे पण पाय संध्याकाळी भरून येतात. मी मोजे सैल करायचो आणि गप्प राहायचो. मला वाटायचं, एवढी पोर बसते, मी म्हातारा कशाला कुरकुर करू?"

चकाकीला विचारलं तर तिने मान खाली घातली. तिला सारखी लघवीला जळजळ व्हायची, गोळ्या चालू होत्या. मुलाची कंबर धरलेली. एका खोलीत इतकी माणसं हसत बसली होती, प्रत्येकाचं काहीतरी दुखत होतं, आणि एकाने दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. मी रोज त्याच खोलीत बसायचे, उजेडात धरून हसू पारखणारी! मला कोणी शेणाने सारवली असती तरी एवढं लागलं नसतं.

सूनबाई वाचली. घरी आली तेव्हा पायाला घट्ट मोजा, हाताला सुया टोचल्याच्या काळ्या-निळ्या खुणा. आल्यावर जिना न चढता ती आधी खालीच शिरली, आणि खोलीच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "हे सगळं तोडा. भिंत परत बांधा. बाबांच्या वेळी होतं तसं करा. आई बरोबर होत्या, मला अक्कल नव्हती."

मुलगा लगेच मान हलवायला लागला. मामांनी तर पन्हळीला हातच घातला.

चकाकी मात्र आपल्या काचेच्या पेटीला पाठ लावून उभी राहिली. "ही पण तोडणार?" तिने विचारलं. "मग मी घरी जाते. मला परत ते खोकणं नको."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सूनबाईसुद्धा. डोळ्यांत पाणी, पण मान ताठ. फटका खायला तयार होऊन आलेल्या माणसासारखी. तिला वाटत होतं, हा माझा जिंकायचा दिवस आहे. मला त्याचीच चीड आली. हिने जीव जायची वेळ आणली, पण मला हसायची संधी मिळू नये म्हणून पाय पांघरुणाखाली दडवला!

मी म्हणाले, "रडणं पुरे. मी बरोबर नव्हते, मला माझी खिडकी हवी होती. काचेची पेटी राहील. ती ह्यांच्या वेळी असती तर ते आज इथे असते, हे मी तुला सांगायला हवं होतं, आता सांगितलं. पन्हळ जाईल. ज्याची कवळी त्याने हातात घेऊन चालायचं, तूसुद्धा, आणि नळ परत मागच्या खोलीत. कसं ते तूच आख, फीत तुझ्याकडे आहे. मांडणी चुकली त्याला मी माफ केलं, चुकते माणसाची. पण पाय एवढा सुजेपर्यंत माझ्यापासून लपवलास, ते मी माफ केलेलं नाही, आणि मरेपर्यंत करणार नाही. यापुढे काही दुखलं, खुपलं, नुसती मुंगी आली तरी पहिलं मला सांगायचं. मी हसले तरी सांगायचं. टोमणा मारला तरी सांगायचं. समजलं?"